खुलासा : रूलेटमधला 'दुप्पट लावा, हमखास जिंका' हा मेसेज चुकीचा

सोयाबीनचे पैसे हातात आलेत आणि जालना, बीड, परभणीकडच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : "लालवर १०० लावा, हरलात की दुप्पट करा. सलग पाचदा काळं आलं की लाल येणारच."

असं काही नसतं. रूलेट म्हणजे कॅसिनोतला फिरत्या चाकाचा जुगार : चेंडू कुठल्या रंगाच्या किंवा आकड्याच्या कप्प्यात थांबेल, त्यावर पैसे लावायचे. युरोपियन चाकात ३७ कप्पे : १८ लाल, १८ काळे, एक हिरवा शून्य. शून्य आला की लालही हरतं, काळंही. त्यामुळे लालची शक्यता दर फेरीला १८/३७, म्हणजे ४८.६ टक्केच, आधीच्या फेऱ्यांचा तिच्याशी संबंध नाही. एका आकड्यावर ३५ पट, १२ आकड्यांच्या गटावर दुप्पट नफा मिळतो, पण कुठेही लावा, १०० रुपयांमागे सरासरी २.७० कॅसिनोकडेच राहतात. अमेरिकन चाकात शून्यं दोन, तिथे ५.२६.

आता दुप्पट करून बघा : १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. सात हारींत १२,७०० गेले. साधारण १०६ वेळांत एकदा असं घडतं. आठवा डाव १२,८०० चा, आणि जिंकलात तरी निव्वळ नफा १०० च! त्याआधीच बहुधा टेबलाची कमाल मर्यादा (एका डावात जास्तीत जास्त लावता येणारी रक्कम) आडवी येते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हा हिशोब टाका.