नवख्या संघाकडून माफक अपेक्षा कशी ठेवावी

नोकरीच्या निमित्ताने आपण ओमाहा किंवा लिंकन येथे नुकतेच राहायला आला असाल, तर घरभाड्याचा करार, गाडीचा विमा आणि बर्फात घालायचे बूट एवढ्यावर आपली सोय झाली, असे कृपया समजू नये. नेब्रास्का राज्यात अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही. त्यामुळे सुमारे वीस लाख माणसांचा जीव नेब्रास्का विद्यापीठाच्या एका संघात अडकलेला आहे, आणि हा संघ गेली वीसहून अधिक वर्षे नव्याने उभा राहत आहे. अशा संघाकडून अपेक्षा माफक ठेवायची असते, हे येथे सर्वांना मान्य आहे. ती नेमकी कशी ठेवायची, याविषयी येथे तपभर राहिलेला मराठी माणूस या नात्याने थोडे मार्गदर्शन करण्याचे धाडस करतो.

सर्वप्रथम एक वाक्य पाठ करावे: “पोरे अजून कोवळी आहेत, त्यांना वेळ द्यायला हवा.” हे वाक्य ऑगस्टमध्ये किराणा दुकानात, केस कापताना आणि दंतवैद्याच्या खुर्चीवर तोंड उघडे असतानाही म्हणता आले पाहिजे. मात्र त्याची मुदत लक्षात ठेवावी. हंगामाच्या पहिल्या शनिवारी, पहिल्या क्वार्टरमध्ये संघाच्या हातून चेंडू निसटला, की ते बाद होते आणि त्याच्या जागी “हा कोच मुळात आणलाच कोणी?” हे वाक्य येते. दोन्ही वाक्ये एकाच माणसाने, त्याच खुर्चीवरून, तितक्याच मनापासून म्हणायची असतात.

संयमाचे उदाहरण म्हणून टॉम ऑस्बर्न यांचे नाव अवश्य घ्यावे. 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षे ते या संघाचे प्रशिक्षक होते, एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली आले नाहीत, आणि तरीही पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना 1994 मध्ये, म्हणजे बाविसाव्या हंगामात मिळाले. हे सांगताना आवाज थोडा भरून आला तर उत्तम. पहिली पाच वर्षे ते ओक्लाहोमा या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून ओळीने हरले आणि तेव्हाही याच गावातली माणसे त्यांच्यावर दात-ओठ खात होती, हा तपशील मात्र गाळावा. आजच्या हिशेबाने त्यांना 1978 पूर्वीच नारळ मिळाला असता, असे कोणी म्हणालेच, तर आपण हवामानाचा विषय काढावा.

ऑस्बर्न यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांना 2003 मध्ये नऊ सामने जिंकून आणि तीन हरून घरी जावे लागले, कारण नऊ विजय ही सामान्य संघाची कामगिरी आहे, असे तेव्हा वरच्या मंडळींचे मत होते. पुढच्याच वर्षी संघाने पाच जिंकले आणि सहा हरले. 1961 नंतर जिंकण्यापेक्षा हरणे जास्त झाल्याचे ते पहिलेच वर्ष. मी येथे आलो तेव्हा, म्हणजे 2014 मध्ये, बो पेलिनी यांनाही नऊ विजय आणि तीन पराभवांवरच निरोप देण्यात आला. आज नऊ सामने जिंकले तर ओमाहात गुढ्या उभारल्या जातील. तेव्हा नवागताने एवढेच ध्यानात घ्यावे, की येथे माफक अपेक्षा म्हणजे नऊ विजय, फक्त त्यांना माफक म्हणायचे नसते.

धीराचा खरा कस मात्र प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांच्या काळात लागला. ते याच राज्यातले, 1997 च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू. म्हणजे गावचा मुलगा शिकूनसवरून गावाला परत आला होता. 2018 च्या वसंतातला त्यांचा पहिला सराव सामना पाहायला 86,818 प्रेक्षक आले. या सामन्यात नेब्रास्काचा संघ नेब्रास्काच्याच संघाशी खेळतो, त्यामुळे विजयाची खात्री असते, आणि अपेक्षांना सुरुवात करायला याहून सुरक्षित दिवस नाही. हंगामाचा पहिला खरा सामना सुरू होताच विजा चमकू लागल्या आणि तो रद्द झाला. पुढचे सहा सामने विजा चमकल्या नाहीत आणि संघ सहाही हरला. 2021 मध्ये संघाने नऊ सामने गमावले, पण प्रत्येक वेळी दहापेक्षा कमी गुणांनी. वर्षभरात केलेले गुण तर खाल्लेल्या गुणांपेक्षा जास्तच होते. थोडक्यात हुकणे हे प्रगतीचे लक्षण आहे, असे आम्ही त्या वर्षी एकमेकांना नऊ वेळा समजावले. अखेर सप्टेंबर 2022 मध्ये जॉर्जिया सदर्नसारख्या लहान पाहुण्या संघाने घरच्या मैदानावर 45-42 असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. त्यांना द्यायची भरपाई होती दीड कोटी डॉलर. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती निम्म्यावर येणार होती. जगात इतरत्र संयम अनमोल असतो. नेब्रास्कात त्याचा भाव ठरलेला आहे, तीन आठवड्यांना 75 लाख डॉलर.

(विद्यापीठाचा महिला व्हॉलीबॉल संघही आहे. 30 ऑगस्ट 2023 रोजी त्यांचा सामना पाहायला याच फुटबॉलच्या मैदानात 92,003 माणसे बसली होती. तो संघ नुसता जिंकतच असतो, त्यामुळे त्याच्याविषयी मार्गदर्शनाची गरज पडत नाही.)

आता क्वार्टरबॅकविषयी. प्रशिक्षक मॅट रूल यांच्या दुसऱ्या वर्षी, 2024 मध्ये, नुकतीच शाळा संपवून आलेला डिलन रायोला पहिल्याच सामन्यापासून खेळू लागला. त्याचे वडील याच संघातून खेळलेले, काका तेव्हा संघाचे सहायक प्रशिक्षक. म्हणजे घराणे आमचेच. अशा मुलाकडे पाहण्याची पद्धत सोपी आहे. जिंकला की “आपला पोरगा”, हरला की “तो क्वार्टरबॅक”. शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद आले तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता, या कारणास्तव त्याला कोणतीही सवलत देऊ नये. कर्ज आजोबांच्या पिढीने काढले असले, तरी फेडायचे नातवाने, ही रीत आपल्याकडच्या सातबाऱ्याला नवी नाही.

त्या ऑक्टोबरात सहापैकी पाच सामने जिंकून संघ इंडियानाला गेला, तेव्हा मी शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये होतो. सकाळची वेळ, टीव्ही फ्रीजवर ठेवलेला, खाली दोन घडीच्या खुर्च्या, आणि एका मोठ्या पातेल्यात चिली. येथे चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल खातात. याला कोणीही हसू नये, शाळेच्या डब्यापासूनची सवय आहे. आजोबा पहिल्या दहा मिनिटांत म्हणाले, “मुलगा आहे, शिकेल.” त्याने दुसऱ्या संघाच्या हातात पहिला चेंडू फेकला तेव्हा त्यांनी रोलचा घास घेतला नाही. दुसरा फेकला तेव्हा रोल ताटलीत ठेवला. तिसऱ्या वेळी त्यांनी रोल उचलून परत खोक्यात ठेवला, झाकण लावले आणि 1995 च्या विजेत्या संघाविषयी बोलायला सुरुवात केली. सामना 56-7 असा संपला, तेव्हा आम्ही 1995 च्या नोव्हेंबरपर्यंत आलो होतो.

तरी त्या वर्षी संघाने विस्कॉन्सिनला हरवून सहावा विजय मिळवला, 2016 नंतर प्रथमच बाउल सामना, म्हणजे चांगल्या संघांना हंगामानंतर मिळणारा जादा सामना, गाठला आणि न्यूयॉर्कच्या बेसबॉलच्या मैदानावर बॉस्टन कॉलेजला 20-15 असे हरवलेही. लगेच त्रैराशिक मांडले गेले. रूल यांनी आधी टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन विजय मिळवले आणि तिसऱ्या वर्षी दहा. मग बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी एक आणि तिसऱ्या वर्षी अकरा. तर नेब्रास्कात पहिल्या वर्षी पाच, मग तिसऱ्या वर्षी किती? हे गणित मला एका बँकेतल्या माणसाने गृहकर्जाच्या कागदाच्या मागे सोडवून दाखवले होते. 2025 चा नियमित हंगाम सात विजय आणि पाच पराभवांवर संपला. क्वार्टरबॅकचा पाय नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी मोडला, आणि हंगाम संपल्यावर त्याने दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरली.

येथे नवागताचा गोंधळ होण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. आता खेळाडूंना दरवर्षी विद्यापीठ बदलता येते आणि त्यासाठी पैसेही मिळतात. त्यामुळे संघ कोवळा आहे, तो पिकेपर्यंत थांबू, हा हिशेब बदलला आहे. रोप आपण लावावे, दोन पावसाळे राखण आपण करावी आणि आंबे भलत्याच गावाने खावेत, असे आता होते. मग आपण दुसऱ्या कोणाची तरी कलमे आणतो आणि संघ पुन्हा कोवळाच राहतो. ही व्यवस्था चाहत्याच्या फारच सोयीची आहे. “पोरे अजून कोवळी आहेत” हे वाक्य आता कधीच जुने होत नाही.

राहता राहिला शिष्टाचार. 1962 पासून लिंकनच्या स्टेडियमचा एकही सामना तिकिटे न संपता झालेला नाही, आणि तेथील प्रवेशद्वारावर, या दारातून कॉलेज फुटबॉलचे सर्वश्रेष्ठ चाहते आत जातात, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. खेळाडूंविषयी तेथे काही लिहिलेले नाही. सामना संपल्यावर पाहुणा संघ आत जाऊ लागला की उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, तो जिंकलेला असला तरीही; येथील लोक हे खरोखर करतात आणि फार प्रेमाने करतात. आपल्या मुलांविषयी जे बोलायचे ते गाडीत बसून, काचा वर करून बोलावे.

गेल्या महिन्यात आजोबा कुंपणापाशी भेटले. या वर्षी कसलीही अपेक्षा ठेवायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून फोन काढला आणि कुठल्याशा गावातल्या शाळेच्या मैदानावर चेंडू फेकणारा एक मुलगा दाखवला. नववीत आहे, म्हणाले, 2029 मध्ये येईल. आम्ही दोघांनी ती फीत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा पाहताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“डावीकडे फेकताना जरा वेळ लावतो,” ते म्हणाले.