तिरामिसूतले कच्चे अंडे कॉफीने शिजत नाही

‘पाच मिनिटांत अस्सल इटालियन तिरामिसू’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. तिरामिसू म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटे आणि अंडी व चीजचे क्रीम यांचे थर लावून, वर कोको चाळून केलेले गार मिष्टान्न. संदेशातले दावे थोडक्यात असे: हे मिष्टान्न फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबारात शेकडो वर्षांपूर्वी जन्मले, रम घातल्याशिवाय ते अस्सल ठरत नाही, मस्कारपोने हे सायीसारखे मऊ इटालियन चीज मिळाले नाही तर साध्या चीजचे क्यूब फ्रेश क्रीमसोबत मिक्सरमधून फिरवून घ्यावेत, मारी बिस्किटे गरम कॉफीत मिनिटभर भिजवावीत, अंडी कच्चीच फेटावीत, कारण साखर, गरम कॉफी आणि रम यांनी ती ‘आपोआप शिजतात’, शेवटी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावे. एवढ्यावर न थांबता संदेशकर्त्याने असेही ठोकून दिले आहे की हा पदार्थ शक्तिवर्धक असल्याने इटलीत तो गरोदर स्त्रियांना आणि बाळंतिणींना मुद्दाम खाऊ घालतात.

असे संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकते. हा मात्र माझ्या धाकट्या जावेने मला पाठवला. तिला सातवा महिना सुरू आहे, आणि खाली तिने विचारले होते, “ताई, रम वगळून करून बघू का? घरात गावरान अंडी आहेत.” म्हणजे त्या संपूर्ण मजकुरातला सर्वांत घातक भाग तिने जसाच्या तसा खरा मानला होता. त्यामुळे हे उत्तर लिहिणे भाग पडले.

दरबाराची कथा आधी निकालात काढते, कारण तिच्यात फारसा दम नाही. १९६०च्या आधीच्या इटालियन पाकपुस्तकांत तिरामिसू हे नाव सापडत नाही. उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात त्रेव्हिझो नावाचे शहर आहे. तिथल्या ‘ले बेक्केरिए’ या उपाहारगृहात, आदो काम्पेओल आणि त्यांच्या पत्नी आल्बा यांच्याकडे, मिठाईकार रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांच्या हातून १९७०च्या सुमारास हा पदार्थ आजच्या रूपात आला, असे बहुतेक जण मानतात. शेजारच्या फ्रिऊली प्रांताला हे मान्य नाही. तोल्मेत्झो गावातल्या एका हॉटेलात तो १९५०च्या दशकातच होत असे, असे तिकडचे लोक सांगतात. २०१७ साली इटलीच्या कृषी मंत्रालयाने तिरामिसूची नोंद फ्रिऊलीच्या पारंपरिक पदार्थांत केली, तेव्हा व्हेनेतोच्या प्रांताध्यक्षांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. या भांडणात कोणाचीही बाजू घेतली, तरी आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच राहतो.

रमच्या बाबतीत तर कागदोपत्री पुरावाच आहे. इटालियन पाककला अकादमीच्या त्रेव्हिझो शाखेने २०१०मध्ये या पदार्थाची कृती नोटरीकडे रीतसर नोंदवली. तिच्यात १२ अंड्यांचे बलक, ५०० ग्रॅम साखर, १ किलो मस्कारपोने, ६० सावोयार्दी म्हणजे आपल्याकडे लेडीफिंगर म्हणून विकली जाणारी बिस्किटे, आणि लागेल तशी कॉफी व कोको पावडर एवढेच जिन्नस आहेत. रम नाही, ब्रँडी नाही, अंड्यातला पांढरा भाग नाही आणि व्हिप्ड क्रीमही नाही. ज्यांना रम आवडते त्यांनी ती खुशाल घालावी, पुष्कळ इटालियन लोकही घालतात; पण ती नसेल तर पदार्थ अस्सल नाही, हे म्हणणे या कागदापुढे टिकत नाही.

याच कागदाचा आधार घेऊन संदेशकर्ता म्हणू शकेल की मूळ कृतीतही बलक कच्चेच आहेत. आहेत, हे मला मान्य करावे लागते. बलक साखरेसोबत फेसून त्यात मस्कारपोने मिसळावे, एवढेच तिथे सांगितले आहे. परंतु बलक कच्चे असतात ही एक गोष्ट झाली आणि ते आपोआप शिजतात ही दुसरी. पहिली खरी आहे म्हणून दुसरी खरी ठरत नाही, आणि सगळा धोका या दुसऱ्या विधानात आहे. कारण कच्चे आहे हे ठाऊक असलेला माणूस निदान काळजी घेतो, शिजले आहे असे समजणारा ती घेत नाही.

एकेक ‘शिजवणारा’ घटक पाहू. गरम कॉफी बिस्किटांना लागते, अंड्याला नाही. बलक असतात क्रीमच्या थरात, आणि त्या थरात कॉफी ओततच नाहीत. शिवाय कॉफी गार करूनच वापरावी लागते, नाहीतर बिस्किटांचा लगदा होतो. रमचीही तीच गत आहे. ३०० मिलिलिटर कॉफीत दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, रम घातली तर त्या मिश्रणात मद्यार्काचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली राहते. हातांवरचे जंतू मारणाऱ्या सॅनिटायझरमध्ये ते किमान ६० टक्के असावे लागते, हे कोविडच्या काळात आपण सर्वांनी बाटल्यांवर वाचलेले आहे.

साखरेचा दावा वरकरणी अधिक पटतो, कारण साखर घालून फेटलेला बलक खरोखरच पांढुरका आणि घट्ट होतो, शिजल्यासारखा दिसतो. तो बदल आत शिरलेल्या हवेचा आहे. मुरांब्यात साखर टिकवण्याचे काम करते हे खरे, परंतु तिथे पाक दाट असतो आणि फोडी त्यात आधी शिजलेल्या असतात. इथे तीच साखर दुप्पट मस्कारपोनेत मिसळून पातळ होते. राहिला फ्रीज. कच्च्या अंड्यांतून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंची वाढ थंडीत मंदावते, पण ते मरत नाहीत. डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला की ते पुन्हा कामाला लागतात.

गावरान अंड्यांबद्दलचा समज या संदेशाच्याही आधीपासून घरोघरी आहे. साल्मोनेला कोंबडीच्या अंडाशयात असू शकतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्याच्या आत पोहोचू शकतो. त्यामुळे कवच कितीही स्वच्छ धुतले, अंडे कितीही ताजे असले, कोंबडी परसात फिरणारी असली, तरी आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. युरोपात कच्च्या अंड्यांच्या तिरामिसूमुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ती अंडी काही शिळी किंवा घाणेरडी दिसत नव्हती.

आता गरोदर स्त्रियांविषयी. या दाव्याला एक धागा आहे, तो लपवत नाही. त्रेव्हिझोकडे अशक्त माणसाला साखर घालून फेटलेला बलक देण्याची जुनी रीत होती, आणि आल्बा काम्पेओल यांना बाळंतपणानंतर शक्ती यावी म्हणून सासूने असेच काहीतरी खाऊ घातले, त्यातून पुढे तिरामिसूची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ही एका घरातली गोष्ट झाली. तिच्यावरून आजचा आहारसल्ला ठरत नाही, आणि आज इटलीतही गरोदर स्त्रियांना कच्च्या अंड्यांचे पदार्थ टाळायलाच सांगतात. ब्रिटनमध्ये २०१७पासून तिथल्या अन्न मानक संस्थेने गरोदर स्त्रियांनाही कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी खाण्यास मुभा दिली हे खरे आहे, पण ती केवळ सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांपुरती. त्या शिक्क्यामागे कोंबड्यांचे लसीकरण आणि अंडे कोणत्या फार्मवरून आले याची नोंद ठेवणारी यंत्रणा उभी आहे. आपल्या वाण्याकडच्या ट्रेमधल्या अंड्यावर तसा शिक्का नसतो. सातव्या महिन्यात तीव्र ताप, जुलाब आणि शरीरातले पाणी कमी होणे हा गंमत म्हणून पत्करण्याचा धोका नव्हे.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पाच नव्हे, पंधरा मिनिटे लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अंड्यांच्या मिश्रणासाठी ७१ अंश सेल्सिअस हे तापमान सांगितले आहे. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळत ठेवावे, आच मंद करावी आणि त्यावर स्टीलचा खोलगट वाडगा असा बसवावा की त्याचा तळ पाण्याला लागणार नाही. वाडग्यात ६ बलक, साखर आणि दोन चमचे पाणी घालून ते सतत फेटत राहावे. मूळ प्रमाणाच्या निम्म्याने साखर २५० ग्रॅम होते. माझ्या मते १५० पुरे. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होत जातात, मिश्रण फुगते आणि शेवटी व्हिस्क उचलला की वरून पडणारी धार क्षणभर पृष्ठभागावर तशीच दिसते. तिथे थर्मामीटर बुडवावा. बलक एरवी ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान गोठू लागतात, पण साखरेमुळे ती मर्यादा वर सरकते, म्हणून ७५ अंशांपर्यंत नेले तरी हात चालू असेल तर गुठळ्या होत नाहीत. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घ्यावा. नजरेचा अंदाज इथे पुरेसा धरू नये. मग वाडगा खाली उतरवून मिश्रण पूर्ण गार होईपर्यंत फेटावे. कोमट असताना मस्कारपोने घातले तर ते वितळते आणि क्रीम वाहू लागते.

चीजच्या क्यूबचा सल्ला वाचून हसू आले. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ असते, आणि मिक्सरमधून कितीही वेळा फिरवले तरी ते जात नाही. अर्धे सत्य एवढेच की मस्कारपोने घरी होते, तेही मलई आणि लिंबू यांपासूनच. ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेली अर्धा लिटर दुधाची क्रीम ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून त्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा, दाटसर होईपर्यंत काही मिनिटे ढवळावे, गार करावे आणि मलमलच्या फडक्यात गाळणीवर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्यावे. २५ टक्क्यांची फ्रेश क्रीम घेतली तर ते सैल राहते. वनस्पती तेलाची व्हिपिंग क्रीम इथे चालत नाही, कारण आम्लाने दाट होणे हा दुधाच्या प्रथिनांचा गुण आहे. तयार मस्कारपोने बलकात हलक्या हाताने मिसळावे. जोर केला तर ते फुटून लोण्याचे कण दिसू लागतात.

मारी बिस्किटांनी काहीतरी गोड पदार्थ होईल, तिरामिसू होणार नाही. सावोयार्दी फेटलेल्या अंड्यांच्या हलक्या स्पंजची, कोरडी केलेली असतात, त्यामुळे ती कॉफी शोषूनही आकार धरून ठेवतात. ती न मिळाल्यास साध्या स्पंज केकचे बोटाएवढे तुकडे करून मंद ओव्हनमध्ये कडक सुकवावेत. मिनिटभर भिजवण्याचा तर प्रश्नच नाही: गार कॉफीत एक-दोन सेकंद, एकदा उलटून लगेच बाहेर. मोडून पाहिले तर मध्यभाग कोरडा दिसायला हवा. रात्रभरात ओल तिथपर्यंत आपोआप पोहोचते. म्हणूनच फ्रीजरमधला अर्धा तास निरुपयोगी आहे. त्यात कडा गोठतात आणि मधले बिस्किट कडकच राहते. फ्रीजमध्ये किमान सहा तास द्यावेत, आणि कोको वाढण्याच्या वेळीच चाळावा. वाढल्यावर दोन तासांच्या आत उरलेले परत आत ठेवावे. उन्हाळ्यात पारा ३२च्या वर असेल तर तासाभरातच. दोन दिवसांत संपवावे.

संदेशात शेवटी ‘पांढरे वाया घालवू नका, कच्चेच फेटून क्रीममध्ये मिसळा’ अशीही ओळ आहे, आणि वर लिहिलेले सगळे तिलाही लागू आहे. उरलेल्या पांढऱ्यांचा उत्तम उपयोग स्पंजमध्ये होतो, कारण तिथे ते ओव्हनमध्ये खरोखर भाजले जातात. जावेला मी हेच कळवले आहे: आदल्या दिवशी पांढऱ्यांचा स्पंज, मग वाफेवर बलक, कॉफी बेताची, आणि थर्मामीटर माझ्याकडून घेऊन जा.