आधीचा मालक

खेळण्यातलं वाफेचं इंजिन विकत घ्यावं असं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मनात आलं, तर ते मनातच ठेवावं. मी घरात बोलून दाखवलं. एवढासा पितळी बॉयलर, त्याच्या पोटाखाली ज्योत, शेजारी मान डोलावणारा सिलिंडर आणि गरगरणारं लाल चाक, हे सगळं हातवारे करून उभं केलं. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बाबा, पण ते करतं काय?”

“फिरतं.”

“आणि?”

“पाणी संपेपर्यंत फिरत राहतं.”

“पंखाही फिरतो,” आतून आवाज आला. “त्याचा वारा तरी लागतो.”

घ्यायचं हे तर ठरलंच होतं. प्रश्न एवढाच होता, की नवं घ्यायचं की जुनं. या छंदात मुरलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्याकडे दोन्ही असतात आणि बहुधा दोन्ही बंद असतात. पण मी नवखा होतो, त्यामुळे मी रात्र रात्र विचार केला.

नव्यात वाईट असं काहीच नव्हतं आणि तीच माझी तक्रार होती. जर्मनीतल्या ल्यूडनशाइडची विलेस्को ही कंपनी १९१२ सालची, १९५० पासून ती वाफेची खेळणी करायला लागली. असलं नवं इंजिन खोक्यातून काढायचं, पाणी भरायचं, इंधनाची वडी पेटवायची, की झालं. सोबत माहितीपत्रक, इवलंसं नरसाळं. पाणी किती उरलंय ते दिसावं म्हणून बॉयलरला काच, आणि दाब दीड बारला पोचला की आपण होऊन फुसफुसणारी सुरक्षा झडप. इतकी काळजी घेतलेल्या वस्तूवर प्रेम कसं करायचं?

जुन्याच्या बाजूला मात्र नावं होती. न्यूरेम्बर्गची बिंग, एके काळची खेळण्यांच्या जगातली बडी असामी. १९३०च्या दशकात तिचा कारभार आटोपला. मार्क्लिन, ब्रिटनची बोमन, १९३७ साली सुरू झालेली मॅमॉड. बुडालेल्या कंपनीच्या वस्तूला जे तेज चढतं ते चालू कंपनीच्या वस्तूला काही केल्या चढत नाही. मी जुनं घ्यायचं ठरवलं. लोकांना कारणं पुष्कळ सांगितली, हाताचं काम, जाड पत्रा, टिकाऊपणा वगैरे. खरं कारण असं, की एका फोटोतल्या इंजिनाचं धुराडं किंचित वाकडं होतं आणि ते बघून मला भरून आलं.

जुन्या इंजिनांच्या जाहिरातींची भाषा लग्नं जमवणाऱ्यांच्या भाषेच्या जवळची आहे. शब्द खोटा एकही नसतो. ‘तपासलेलं नाही’ म्हणजे तपासलं, चाललं नाही. ‘चाक मोकळं फिरतं’ म्हणजे चाक आहे. गाडी उलटी पडली तरी तिचं चाक मोकळं फिरतं. ‘वयानुरूप खुणा’ म्हणजे गंज. ‘आजोबांच्या संग्रहातलं’ म्हणजे ज्यांना काही विचारता आलं असतं ते आता नाहीत. ‘मूळ खोक्यासह’ याचा अर्थ खोकं मूळ आहे. इंजिन त्याच खोक्यातलं आहे असं कोणीही म्हटलेलं नाही. आणि ‘एखादा किरकोळ भाग नसेल’ हे वाक्य मी सहज ओलांडून गेलो. तो किरकोळ भाग बर्नर होता.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तिने आपलं काम साठेक वर्षांपूर्वी चोख केलं होतं. नंतर जे झालं ते सगळं आधीच्या मालकाने केलं.

या आधीच्या मालकाला मी कधी पाहिलेलं नाही, पण पुढचे तीन महिने आम्ही एका टेबलावर राहिलो. स्क्रूंची डोकी खरवडून गुळगुळीत झाली होती, म्हणजे त्याच्याकडे नीट स्क्रू ड्रायव्हर नव्हता, सुरी होती. तळाच्या पत्र्यावर मूळ लाल, त्यावर हिरवा, त्यावर पुन्हा लाल, म्हणजे मनाचा निश्चय नव्हता. वाफेच्या नळीच्या सांध्यावर डाखाचा एवढा मोठा गोळा होता, की नळीला गालगुंड झालंय असं वाटावं. आणि बॉयलरचं एका टोकाचं झाकण जरासं तिरपं बसलं होतं. ते मला धुराड्याच्या वाकडेपणाला शोभणारं वाटलं. माझा एक मित्र या विषयातला जाणकार आहे. त्याला फोटो पाठवला तर त्याचं एका ओळीत उत्तर आलं: “अरे, हा कोरडा जाळलाय.”

मग त्याने फोनवर समजावून सांगितलं. आत पाणी आहे तोवर बॉयलरचं तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास राहतं, कारण ज्योतीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी संपलं की ती उष्णता पितळेवर येते. जुन्या बॉयलरांचे सांधे बहुतेक साध्या डाखाचे, आणि तो दोनशेच्या आतच वितळतो. थोड्या वेळात झाकण हातात. म्हणून या खेळण्यांत एक साधी युक्ती केलेली असते. बर्नरमध्ये इंधन मावतंच इतकं, की ते पाण्याच्या आधी संपावं. इंधन संपलं की थांबायचं, गार होऊ द्यायचं, पाणी भरायचं आणि मगच पुढचा खेळ.

“मग कोरडा जळतोच कसा?”

“कोणीतरी मध्येच आणखी इंधन घालतं.”

“असं कोण घालेल?”

“असतात.”

मी त्या अज्ञात इसमाला मनापासून शिव्या दिल्या. नंतर रोजच देत राहिलो. कारण प्रत्येक दुरुस्तीच्या खाली त्याची एक जुनी दुरुस्ती निघायची.

सुरक्षा झडप गच्च बसलेली होती. जुन्या इंजिनाची झडप कितीही देखणी असली तरी ती बदलायचीच, हा नियम. स्प्रिंग किती वर्षं दाबलेली आहे कोणास ठाऊक, आणि १०० मिलिलिटर पाण्याची वाफ मोकळ्यावर सुमारे १७० लिटर जागा मागते. तिला दार उघडलं नाही तर ती स्वतः दार करते. नवी झडप मागवली. ती आली आणि बसेना, कारण तिचे आटे मिलिमीटरमधले आणि बॉयलरचे इंचातले. दुसरी मागवली. तोवर मला आट्यांचा नाद लागला होता. जुन्या ब्रिटिश यंत्रांत बारीक स्क्रूंसाठी बीए नावाचे आटे असतात. इंचांवर जीव टाकणाऱ्या त्या देशाने हे आटे स्विस पद्धतीवरून, चक्क मिलिमीटरमध्ये, बेतले आणि त्यांचा कोन ठेवला ४७.५ अंश. तो अर्धा अंश कोणाच्या समाधानासाठी होता हा विचार मी पहाटे चार वाजता केलेला आहे.

बर्नर शोधणं हे वेगळंच प्रकरण. मॅमॉडसारख्यांची इंजिनं आधी स्पिरिटवर चालत, वड्या आल्या त्या सत्तरच्या दशकात. त्यामुळे इंजिनाला कुठला बर्नर शोभतो हे ठरवायला आधी त्याचं वय ठरवावं लागतं. ते बॉयलरला काच आहे की नुसता पातळीचा बूच आहे यावरून, आणि स्क्रूच्या डोक्यावरून ठरतं. डोकी सुरीने खरवडलेली नसली तर. जुन्या स्पिरिटच्या बर्नरांत ॲस्बेस्टॉसची वातही असू शकते, तेव्हा माझा हरवलेला होता हे एका परीने बरंच झालं. बरं, वड्यांचा मार्ग सोपा म्हणावा तर तोही नाही. त्या हेक्सामाइनच्या असतात. १९३६ साली जर्मनीत एस्बिट नावाने त्या निघाल्या त्या बाहेर फिरणाऱ्यांना चूल पेटवायला. पण हेक्सामाइनपासून स्फोटकंही होतात, म्हणून ब्रिटनमध्ये २०२३च्या ऑक्टोबरपासून ते सामान्य माणसाला परवान्याशिवाय मिळत नाही. इंजिन कोणीही घ्यावं, त्याचा घास मात्र सरकारला विचारून.

शेवटी स्पिरिटचा एक बर्नर मिळाला. बॉयलर मित्राने नीट डाखून दिला आणि हातपंपाने थंड पाणी भरून दाबाची परीक्षा घेतली. हवा भरून ही परीक्षा कधीही करू नये. हवा दाबली जाते आणि फुटताना सगळा राग एकदम काढते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर चार थेंब गळतात आणि प्रकरण तिथेच मिटतं. आमचा सांधा सुटला नाही. मी आनंदाच्या भरात बॉयलर घासून लख्ख केला आणि मित्र आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. साठ वर्षांचा काळसर रंग मी एका दुपारी पुसून टाकला म्हणे. मी म्हणालो, त्यातली निम्मी काजळी त्या कोरडं जाळणाऱ्याची होती. यावर त्याचं म्हणणं, तीसुद्धा इतिहासच.

पेटवण्याचा दिवस उजाडला. क्षार धरू नयेत म्हणून बॉयलरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घातलं, सिलिंडरला वाफेचं खास दाट तेल दिलं, कारण साधं तेल गरम ओलाव्यात टिकत नाही. ज्योत लावली. बराच वेळ काही नाही. मग बॉयलर स्वतःशी पुटपुटायला लागला. नळीच्या सांध्यातून एक बारीक सुस्कारा आला. सिलिंडर थंड असतो, पहिली वाफ त्यात शिरून पाणी होऊन बसते, म्हणून चाकाला बोटाने टिचकी द्यायची. दिली. इंजिनाने तेलकट गरम पाण्याची एक पिचकारी माझ्या शर्टावर आणि दुसरी भिंतीवर मारली. पुन्हा टिचकी. पुन्हा. आणि अचानक त्याने ते चाक माझ्या बोटातून काढून घेतलं.

त्या डुलणाऱ्या सिलिंडरची गंमत अशी, की त्याला वेगळी झडपच नसते. एका बाजूला मान टाकली की त्याचं भोक येणाऱ्या वाफेच्या भोकासमोर येतं, दुसऱ्या बाजूला टाकली की बाहेर जाणाऱ्या. दट्ट्या मागे-पुढे होतो आणि त्याच हालचालीने सिलिंडर आपली दारं उघडतो, मिटतो. नुसती मान हलवून इतकं काम करणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. आठ मिनिटं ते चाललं. मुलीने मोबाईल खाली ठेवला. बायको दारात येऊन उभी राहिली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “वास चांगला आहे हो.” भिंतीवरचा डाग तिने तेव्हा पाहिला नव्हता.

इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण जुनं चालल्यावर नवं कसं चालतं ते पाहावंसं वाटलं, निव्वळ तुलनेसाठी. नवं इंजिन आलं. खोक्यात सगळं होतं. पहिल्याच टिचकीला चालू झालं आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. ना गळती, ना सुस्कारा, ना कोणाच्या पूर्वकर्मांचा हिशेब. दट्ट्यापासून काचेपर्यंत सगळं जागच्या जागी. शिव्या द्यायलाही कोणी नाही. नवी विटी, नवं राज्य. मी ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पाहुणे आले की चालवायचो.

त्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी आल्या होत्या. इंजिन रंगात आलं होतं. शिट्टीही दोनदा झाली. ज्योत लहान व्हायला लागली तसा एकच गलका झाला, “काका, अजून!” मी जाणत्याच्या थाटात वाकून काचेकडे पाहिलं. काच स्वच्छ. पाणी भरपूर. दोन वड्या सरकवल्या.

पाण्याच्या काचेचं असं आहे, की ती पूर्ण भरलेली असली तरी स्वच्छ दिसते आणि पूर्ण रिकामी असली तरी स्वच्छच दिसते. पाण्याची रेघ दिसते ती फक्त मधल्या अवस्थेत. रेघ नसेल तर आधी ज्योत विझवायची, मग विचार करायचा. हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. माहितीपत्रक खोक्यात होतं. खोकं माळ्यावर होतं, कारण खोक्यासह वस्तूला पुढे मोल येतं.

चाक मंदावलं. मी टिचकी दिली. पुन्हा मंदावलं, पुन्हा टिचकी. थोडं तेलही दिलं. मग एक वास आला, पण तो बायकोला आवडलेला वास नव्हता. ज्योत विझवेपर्यंत निकेलच्या मुलाम्यावर पिवळट-निळं वर्तुळ उमटलं होतं, काचेचं पॅकिंग करपलं होतं आणि मैत्रिणींनी खाली जाऊन खेळायचं ठरवलं होतं.

मित्राला फोटो पाठवला नाही.

ते इंजिन अजून शेल्फावर आहे. परवा म्हटलं, ठेवून तरी काय करायचं, कोणा हौशी माणसाला द्यावं. जाहिरात लिहायला बसलो. ‘अगदी कमी वापरलेलं. मूळ खोक्यासह. चाक मोकळं फिरतं. तपासलेलं नाही.’

“तपासलं होतंस की, बाबा,” मुलगी खांद्यावरून वाचत म्हणाली. “कालच. गळलं ना सगळीकडून?”

तिला जाऊन अभ्यास करायला सांगितलं. ‘वयानुरूप खुणा’ असंही लिहिलं होतं, पण ते मीच खोडलं. त्याचं वय चार महिने होतं.