६५ वॅटचा प्रोसेसर ६५ वॅटच खातो का?

सोलापुरात चादर-टॉवेलची जॅकार्ड डिझाईन करणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "नवीन पीसीला ६५ वॅटचाच प्रोसेसर घ्या. १२५ वॅटवाला दुप्पट लाईट बिल आणतो. खोटं वाटत असेल तर मीटर लावून बघा." लोक त्यावर खरेदी करायला लागलेत, म्हणून हे उत्तर.

"६५ वॅटचाच घ्या." खोक्यावरचा हा आकडा कमाल मर्यादा नाहीच. इंटेलच्या कोअर आय५-१३४०० चा बेस, म्हणजे नेहमीच्या वेगाचा आकडा, ६५ वॅट, पण टर्बोत, म्हणजे काम वाढल्यावर वेग चढवला की, तो १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा रायझन ५ ७६०० सुद्धा ६५ चाच. त्याची मर्यादा ८८. म्हणजे ६५ आणि ६५ सुद्धा सारखे नाहीत! इंटेल २०२१ पासून बेस आणि टर्बो असे दोन्ही आकडे देते. मेसेजवाल्यानं पहिला वाचला आणि हात झटकले.

"दुप्पट बिल." बिल वॅटवर नाही, युनिटवर येतं, म्हणजे वॅट गुणिले वेळ (हजार वॅट-तासांचं एक युनिट). समजा एक मशीन १५० वॅट घेऊन काम २० मिनिटांत उरकतं, दुसरं १०० वॅटवर ४० मिनिटं घेतं. पहिल्याचे ५० वॅट-तास, दुसऱ्याचे जवळपास ६७. शिवाय दिवसातला बराच वेळ प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो, आणि तेव्हा तो किती खातो हे खोक्यावरून कळत नाही.

"मीटर लावून बघा." जरूर बघा, पण कुठे? सॉकेटवरचा मीटर मदरबोर्ड, रॅम, पंखे, ग्राफिक्स कार्ड, सगळं मोजतो. वर एसएमपीएसचा (पीसीच्या पॉवर सप्लायचा) तोटा: मीटरवर २०० दिसले आणि एसएमपीएस ८८ टक्के कार्यक्षम असेल, तर आत पोचले १७६. त्यातले प्रोसेसरचे किती, हे वेगळंच. प्रोसेसरकडे जाणारी १२ व्होल्टची केबल मोजणं त्यातल्या त्यात बरं, तरी बोर्डावरच्या व्हीआरएमचा (१२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या सर्किटचा) तोटा त्यातही धरलेला असतोच. लूमच्या मोटरचा करंट बघायचा, फक्त एसी करंट मोजणारा साधा क्लॅम्प मीटर इथे कुचकामी. डीसी मोजणारा हवा. आणि तो चार पिवळ्या वायरींभोवतीच लावायचा. काळ्यांसकट आठही कवेत घेतल्या तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतो आणि मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. मग खुशाल म्हणा, प्रोसेसर फुकटात चालतो.

पीसीवरचं सॉफ्टवेअर प्रोसेसरचे वॅट दाखवतं तो आकडा एकाच मशीनवर सेटिंग बदलण्याआधी-नंतर बघायला ठीक. दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नये. काही मदरबोर्ड रायझनला करंट खऱ्यापेक्षा कमी कळवतात, मग वॅटही कमी दिसतात. २०२० मध्ये एचडब्ल्यूइन्फो या असल्याच सॉफ्टवेअरनं हा फरक दाखवणारी वेगळी नोंदच टाकली.

राहिला उन्हाळा. चिप तापली की तिची गळती, म्हणजे आतून वाया झिरपणारा करंट, वाढते, त्याच कामाला वीज जास्त लागते. तेव्हा एक मशीन एसी ऑफिसात आणि दुसरं मे महिन्यात शेडच्या पत्र्याखाली मोजून काढलेले स्क्रीनशॉट कृपया शेजारी शेजारी टाकू नका. खोली एक, काम एक, मीटरही एकच ठेवा, आणि काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे वॅट-तास लिहा.