रेंजमधला तंबू

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, मेख ठोकता येत नाही, हे कुठल्याही चिरेखाणीतल्या गड्याने फुकट सांगितलं असतं. आम्हाला ते माणशी अठराशे रुपये मोजून कळलं. देवगडच्या बाजूला, उघड्या कातळावर, 'आदिम मुक्काम'. आदिम म्हणजे संडास नाही, पाण्याचा नळ नाही, दिवा नाही, सावलीला एक झुडूप नाही आणि या सगळ्या नसण्याचे पैसे आगाऊ. आयोजकाच्या पोराने धोंड्याने मेखा ठोकल्या, त्या वाकल्या. मग "दोऱ्या दगडांना बांधा" असं सांगून तो बाइकवर बसला, तो सकाळीच थर्मास घेऊन उगवला.

मी दगड उचलायला वाकलो, तोच मागून आवाज आला.

"हात लावू नकात. खाली फुरसा आसतला."

उघडं अंग, खांद्यावर टॉवेल, एका हातात मोबाइल आभाळाकडे धरलेला. म्हाताऱ्याने तंबूला एक सावकाश प्रदक्षिणा घातली.

"घर पडला काय तुमचा?"

"नाही हो काका. घर आहे की, ठाण्याला."

"मगे हंयसर कित्याक?"

"फिरायला आलोय."

"फिराक इल्यात, मगे झोपतास कित्याक?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती हे मला नंतर कळलं.

"जरा सरकतास काय?" म्हातारा म्हणाला. "रेंज हंयसरच येता."

वाडी खाली खोलगटात. अख्ख्या सड्यावर फोन लागतो तो दोन पाटांएवढ्या जागेत आणि ती जागा नेमकी आमच्या तंबूच्या दाराशी, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याने चपला काढल्या, आत मांडी घातली आणि विरारला झिलाला, म्हणजे मुलाला, फोन लावला. स्पीकरवर.

"अरे, एक जोडपा सड्यार रवला हा. नाय नाय, घर हा त्यांचा. ठाण्याक."

"मगे?"

"माका काय म्हायत! पैसे दिल्यानी म्हणे."

"किती ते इचार."

"अठराशे," मी म्हणालो.

"दोघांचे?"

"एकाचे."

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली. गेली नव्हती.

तासाभरात रांगच लागली. मुंबईच्या लेकीशी बोलायला एक आजी, रिचार्ज मारायला दोन पोरं, बँकेचा मेसेज बघायला कुणाचा तरी जावई. प्रत्येक जण चपला बाहेर काढून आत यायचा, माझ्या बायकोला "बाये, जेवलंस?" विचारायचा आणि आमच्या उशीवर टेकून बोलायचा. कुणीच उद्धट नव्हतं हो. उद्धट असते तर भांडता तरी आलं असतं.

खरं तर आम्ही कातळशिल्पांसाठी आलो होतो. कोकणातली ही शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपीही आहे. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी या दगडात मासे कोरले, हत्ती कोरले, माणसं कोरली. उजेड असेतोवर काम करून ती माणसं रात्री कुठेतरी आडोशाला जात असणार, अशी माझी खात्री होत चालली आहे.

रांग सरल्यावर म्हाताऱ्याची नजर आमच्या वीस लिटरच्या कॅनवर गेली. त्याने पेलाभर पाणी ओतून घेतलं, चूळ भरावी तसं तोंडात फिरवलं.

"ह्या आमच्या विहिरीचा."

आयोजकाच्या पोराने वाडीतून भरून आणलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं, पैसे तर सोडाच. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि जांभा तो पिऊन खाली सोडून देतो. शिमगा संपला की विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. जाहिरातीत यातलं अक्षर नव्हतं, 'पाण्याची सोय' एवढंच होतं. म्हातारा रागावला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्याच्यासमोर घोट गिळायचा होता मला. चोरी एकाची, घसा माझा. त्या आयोजकाच्या अठराशेतले वाडीला किती, हा प्रश्न मी त्याला मेसेजने विचारला आहे. उत्तराला हसरा चेहरा आला.

रात्री वारा सुटला. तंबूचं कापड फडफडायला लागलं आणि खालच्या हापूसच्या बागेतून डबा वाजायला लागला. डुकरं हाकलायला म्हातारा राखणीला बसला होता. डबा थांबला की गडग्याकडून हाक यायची.

"पाव्हण्यानू, आसास मां?"

"आहे!" मी ओरडायचो. न ओरडून सांगता कुणाला? एकदा मी गप्प राहिलो, तर बॅटरी घेऊन तो वर आला. फुरशाने चावलं की काय, हे बघायला.

पहाटे डोळा लागतो न लागतो तोच तंबूची चेन उघडली आणि मोबाइल धरलेला हात आत आला.

"झिलाक तुमच्याशी बोलाचा हा."

झील रात्रभर जागा असावा. आवाज एकदम धंदेवाईक. "साहेब, पुढच्या सीझनला आम्हीच लावतोय. हजार रुपये. आणि रेंज फुकट."

"पाणी?" मी विचारलं.

"त्याचे वेगळे," बाहेरून म्हातारा म्हणाला.