'अभ्यास करून लिहा' म्हणणाऱ्या दादांना उत्तर

जुन्या ऑफिस पीसीवर बटोसेरा (जुने व्हिडिओ गेम चालवणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून टीव्हीला जोडायचा, झाला घरचा गेम कन्सोल, अशी माझी मागची पोस्ट होती. त्यावर एका दादांची प्रतिक्रिया आलीय. त्यांचं म्हणणं असं की बटोसेरा डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) आहे हे मी चुकीचं लिहिलं, जुना पीसी वीज खातो म्हणून रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कम्प्युटर) सांगायला पाहिजे होता, बटोसेराची इमेज (पूर्ण सिस्टिमची एक फाइल) पेनड्राइव्हवर लिहिताना ती पूर्ण पुसली जाते आणि चुकीची ड्राइव्ह निवडली तर लोकांचे घरचे फोटो जातील हे कुठंच सांगितलं नाही. आणि शेवटी, "बेळगावात बसून लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा."

पहिलं मान्य. डेबियनवर चालतंय ते रेट्रोपाय, म्हणजे असलंच दुसरं सॉफ्टवेअर; बटोसेरा बिल्डरूट नावाच्या टूलनं बांधलेली असते. रात्री साडेबाराला लिहीत होतो, घोटाळा झाला, दुरुस्त केलंय. चूक मान्य करायला मला काय जड जात नाही बघा.

पण ते शेवटचं वाक्य. बेळगावात बसून म्हणजे काय हो? एरवी बेळगाव आमचं म्हणून तुम्हीच ओरडणार आणि इथला माणूस दोन ओळी लिहायला लागला की अभ्यास काढणार? चूक दाखवायची तर दाखवा की, गाव कशाला मध्ये आणताय.

आता अभ्यासाचं. उबंटू लिनक्सची सीडी फुकट घरपोच यायची ते दिवस तुम्हाला आठवतात काय? २०११ ला बंद झालं ते. मी २००८ मध्ये ८.०४ ची सीडी मागवली होती, पोस्टमननं शहापूरच्या आमच्या कापडदुकानात आणून दिली, आणि त्याच दुपारी बाबा जेवायला घरी गेल्यावर दुकानातल्या कम्प्युटरवर मी ती चढवली. तेव्हा यूट्यूबवर बघून करायची सोय नव्हती, नेट पण दुकानात नव्हतं, जे समोर येईल ते वाचायचं आणि पुढं जायचं. पूर्ण डिस्क वापरू काय विचारलं, मी हो म्हटलं. डिस्क पुसली गेली, कम्प्युटरमधली दोन वर्षांची उधारी गेली त्यात. बाबांनी चार महिने आठवून आठवून परत वहीत लिहिली, त्यानंतर त्यांनी माऊसला हात लावलेला नाही. सांगायचा मुद्दा, मी पुस्तक वाचून आलेला माणूस नव्हे, हात भाजून शिकलोय.

हार्डवेअर पण असंच. निपाणीच्या मित्राकडं रास्पबेरी पाय ४ आहे, मीच बसवून दिलाय. त्याला ५ व्होल्ट ३ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर लागतो, ह्यानं मोबाईलचा चार्जर लावला, स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह यायलंय आणि गेम मध्येच अडकायलाय, आणि ह्याला वाटलं सॉफ्टवेअरच खराब. पाय ५ ला तर ५ अँपियर पाहिजे. वर कार्ड, केस, थंड ठेवायला हीटसिंक, मायक्रो एचडीएमआयची वेगळी केबल, हे सगळं धरा की हिशोबात! मी कोल्हापुरातून चौथ्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅमवाला जुना पीसी साडेपाच हजारात उचलला, पॉवर सप्लाय आतच. प्लेस्टेशन १, पीएसपी, ड्रीमकास्ट निवांत चालतंय, प्लेस्टेशन २ चे पण काही गेम खेळता येतात, तिथं पाय ४ ची दमछाक होते. पुढं ग्राफिक्स कार्ड टाकायचं झालं तर ह्या छोट्या कॅबिनेटमध्ये लो-प्रोफाइलच (कमी उंचीचं) बसतंय आणि तेही मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागणारं बघायचं, हे मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते तुम्ही वाचलं काय? नसणार.

विजेचं म्हणाल तर जुन्या पीसीला ५० वॅट धरा, रोज दोन तास, महिन्याला ३ युनिट. रास्पबेरी पायला अर्धा युनिट. अडीच युनिटसाठी एवढा आरडाओरडा! घरात फ्रिज किती खातो ते एकदा बघून या.

पेनड्राइव्ह पुसली जाते वगैरे ते सगळ्यांना माहीत असतंय. इमेज लिहायचं सॉफ्टवेअर, एचर, सिस्टिमची ड्राइव्ह तशीही लपवून ठेवतो. दुसरी जोडलेली हार्डडिस्क दिसते, मान्य, पण जीबीचा आकडा वाचून निवडायचं एवढं तर माणसाला कळायला पाहिजे, लहान पोरं आहेत काय वाचणारी.

तुमची कमेंट डिलीट करणार नाही, राहू दे. डेबियनची ओळ तेवढी बदललीय, बाकी पोस्ट आहे तशीच राहील.