कंबर दुखतेय, गोल्फचा क्लास लावावा का?
गोल्फ सावकाश चालण्याचा खेळ, म्हणून कंबरदुखी असली तरी क्लास लावायला हरकत नाही, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. चालणं सावकाश असेल, फटका नव्हे. वरून खाली येणारा स्विंग (काठीचा झोका) साधारण पाव सेकंदात संपतो आणि तेवढ्यात कंबरेपासून खांद्यापर्यंत सगळं पिळून निघतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावा खांदा नि डावं कोपरही सांभाळावं लागतं. आमच्या दापोलीकडे झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे काढणाऱ्यांचे खांदे धरतात, तेही काही पळत नसतात!

क्लास लावायचाच असेल तर लावा, पण महिन्याची फी आगाऊ भरू नका. फिजिओला नुसतं 'खेळू का?' विचारून उपयोग नाही, त्यांना पूर्ण स्विंगचा व्हिडिओ दाखवा. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर. नाहीतर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सगळं सांगून पटिंगपासून, म्हणजे चेंडू हलकेच टोलवून खळग्यात घालण्यापासून, सुरुवात करा. पार ७२ च्या, म्हणजे १८ खळगे ७२ फटक्यांत पुरे व्हावेत अशा मैदानात ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात, म्हणजे अर्धा खेळ तिथेच. मैदान घरापासून लांब असेल तर सरावाला घरातली सतरंजीही चालते. फक्त वाकून फार वेळ उभे राहू नका, कंबर तिथेही कुरकुरते.